कुत्र्यांचा डिस्टेंपर उसातल्या बिबट्याला होतो का? (निफाड, जि. नाशिक)

कादवाकाठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतीच वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

आमचा मळा निफाड तालुक्यात, नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्यापासून फार लांब नाही. वर द्राक्षबाग, खाली ऊस, गोठ्यात म्हशी आणि राखणीला कुत्री. दिवाळीनंतर आमच्या आणि शेजारच्या वस्तीवर कुत्र्यांची मर लागली. सुरुवात सर्दीसारखी. डोळे चिपडांनी चिकटलेले, नाकातून पिवळा घट्ट शेंबूड, भाकरीला तोंड लावेनात. मधे काही दिवस वाटलं सावरली. मग आमच्या काळ्याचा जबडा आपोआप कटकट वाजायला लागला, तोंडाला फेस, आणि मागचा एक पाय झोपेतसुद्धा एका ठेक्यात उडायचा. पायाच्या गादीला हात लावला तर ती खडबडीत, टणक झालेली. डॉक्टर येऊन बघून गेले, म्हणाले डिस्टेंपर आहे, आता वेळ गेली.

काळ्याला आम्ही बांधाला पुरला. शेजारच्यांनी मात्र त्यांची मेलेली पिल्लं गोणीत घालून उसाच्या कडेला टाकली. सकाळी गोणी फाटलेली, पिल्लं गायब, आणि ठिबकच्या ओलीवर पंजे. बिबट्या आमच्याकडं नवा नाही, ऊस कमरेच्या वर गेला की तो असतोच. यंदा मादी आहे, बछडे बरोबर असलेली गड्यांनी पाहिली.

तर मला विचारायचंय की हा रोग त्या मादीला, तिच्या बछड्यांना लागेल का? आणि तिथून फिरून म्हशींना किंवा आमच्या पोरांना? गावच्या ग्रुपवर रोज काहीतरी येतंय. कोणी म्हणतं बाहेरून आलेली बदकं रोग आणतात, कोणी म्हणतं जुन्या वाड्यातली वटवाघळं धूर करून हाकला. सासरे म्हणतात रोगाची मुळं जंगलातच असतात, माणूस उगाच भोगतो. पोरगा नववीत आहे, त्यानं विचारलं, "आई, विषाणू जर कुत्र्याचा असेल तर बिबट्याला तो कसा ओळखतो?" मला काही सांगता आलं नाही. जाणकारांनी सोपं करून सांगावं.

---

पाणथळवेडा

होतो. बिबट्यालाही होतो, वाघालाही होतो, सिंहालाही. गुजरातेतल्या गीरच्या सिंहांचं प्रकरण आठवत असेल, सप्टेंबर २०१८. मादी सुस्त दिसली, दिवसा उघड्यावर बसलेली किंवा झोकांड्या खाताना दिसली तर जवळ जाऊ नका, गड्यांनाही जाऊ देऊ नका. वनविभागाची हेल्पलाइन १९२६, लगेच कळवा. बाकी तपशील डॉक्टरसाहेब देतीलच, ते धागा बघून गप्प बसणारे नाहीत.

आणि बदकांना बोल लावणाऱ्यांना माझ्याकडं पाठवा.

---

गुरांचा डॉक्टर (निवृत्त)

गप्प बसणार नाहीच.

ताई, सगळ्यात आधी एक विचारतो, त्याचं उत्तर बाकी सगळ्याच्या आधी द्या. काळ्या आजारी असताना त्याच्या तोंडात कोणी हात घातला होता का? गोळी चारायला, पाणी पाजायला? कोणाला ओरखडा, दात? कटकट वाजणारा जबडा आणि फेस डिस्टेंपरमध्ये दिसतो हे खरं, पण रेबीजचं जनावर नुसतं बघून ओळखता येतं असं माझ्या नोकरीत मी कधी मानलं नाही. तपासणी मेंदूच्या नमुन्यावर होते, ती इथे झालेली नाही. तेव्हा कोणाचा लाळेशी संबंध आला असेल, हाताला चीर-जखम असेल, तर ती जागा साबणानं वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि थेट सरकारी दवाखाना गाठायचा. दिवस उलटून गेले असले तरी जायचं. लस फुकट मिळते. रेबीजची लक्षणं दिसल्यावर उपाय नाही, त्याआधी खात्रीचा आहे.

आता डिस्टेंपर. तुमच्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं, मुळं जंगलात असतात हे अर्धंच आहे. आपल्या पट्ट्यात बहुतेक वेळा उलटं घडतं, रोग वस्तीवरून जंगलात जातो. जंगल म्हणजे काय तर तुमचा ऊस! नाशिकच्या शेजारी अकोल्याच्या खोऱ्यात (अहिल्यानगर, म्हणजे जुन्या नगर जिल्ह्यातलं अकोले हं, विदर्भातलं नव्हे) बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झालेला आहे. त्याच्या पोटात जे जातं त्यात वजनानं ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला, आणि सगळी पाळीव जनावरं धरून ८७ टक्के. हरणं-भेकरं नव्हे, कुत्री. मग कुत्र्याच्या अंगातला विषाणू बिबट्यापर्यंत पोचायला वाट कोणती, हे वेगळं सांगायला नको. आजारी कुत्रं पळू शकत नाही, म्हणून तेच आधी पकडलं जातं. शेजाऱ्यांनी तर गोणीत बांधून घरपोच दिलं.

गीरमध्ये त्या साथीत ६८ सिंह आणि ६ बिबटे यांच्या नमुन्यांत हा विषाणू सापडला. सहा बिबटे हा आकडा कोणी लक्षात ठेवत नाही, कारण बातमी सिंहांची होती. त्याआधी १९९४ साली आफ्रिकेत सेरेंगेटीत याच रोगानं सुमारे एक तृतीयांश सिंह गेले. तोवर पुस्तकात आम्ही शिकलो होतो की डिस्टेंपर हा कुत्र्या-कोल्ह्यांचा रोग, मार्जारकुळाला त्याची बाधा नाही.

म्हशींना काही होत नाही, निश्चिंत राहा. पोरांनाही नाही. डिस्टेंपरनं माणूस आजारी पडत नाही. गंमत अशी की हा विषाणू आपल्या गोवराचा सख्खा चुलतभाऊ. गोवर, डिस्टेंपर, शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर आणि गुरांची बुळकांडी ही एकाच घराण्यातली मंडळी. गोवराची लस घेतलेली असली की तीच प्रतिकारशक्ती बरीचशी याच्याही आड येते असं दिसतं. त्यामुळे पोरांचं गोवराचं लसीकरण राहिलं असेल तर ते आधी पुरं करा, कुत्र्यासाठी नव्हे, गोवरासाठीच.

एवढं लिहून चहाला जातो. पोराच्या प्रश्नाला मी हात घालत नाही, त्याला अनुजा लागेल.

---

गंगापूररोडकर

म्हणजे सगळं खापर कुत्र्यांवर. मग सरळ मोकाट कुत्री कमी करा की. कुत्री नाहीत तर रोग नाही, बिबट्याही वस्तीत येणार नाही. एका दगडात दोन पक्षी.

---

अनुजा_नाशिकरोड

बोलावलंत म्हणून आले :) मी पुण्यात प्रयोगशाळेत विषाणूंचे जीनोम (त्यांची सगळी जनुकीय लिपी) वाचते, म्हणजे दिवसभर संगणकावर अ-सी-जी-यू या अक्षरांच्या माळा बघत बसते. शनिवारी-रविवारी नाशिकरोडला घरी.

आधी नववीतल्या मित्राचा प्रश्न, कारण धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न तोच आहे. विषाणू काही ओळखत नाही रे. त्याच्या अंगावर बाहेरून प्रथिनांचे खुंट असतात. डिस्टेंपरच्या बाबतीत त्यातल्या एकाला एच प्रथिन म्हणतात. हे प्रथिन आपल्या रोगप्रतिकार पेशींवरच्या स्लॅम नावाच्या रेणूला जाऊन चिकटतं. कुत्र्याचा स्लॅम आणि बिबट्याचा स्लॅम जवळजवळ सारखे आहेत, तंतोतंत नाहीत. चिकटणं थोडं कमी-जास्त होतं. आता विषाणूच्या कोट्यवधी प्रती तयार होत असतात आणि त्या सगळ्या एकसारख्या नसतात, त्यामुळे त्यातली एखादी प्रत नव्या पाहुण्याच्या पेशीला जरा बरी चिकटते. ती वाढते. एच प्रथिनात ५४९ व्या जागेवरचा एक अमिनो आम्लाचा बदल असा आहे, की तो कुत्र्यांपेक्षा इतर मांसाहारी प्राण्यांतल्या विषाणूंत जास्त वेळा दिसतो. एका जागेवरचा बदल, बास.

प्रती वेगवेगळ्या का होतात? आरएनए असलेल्या बहुतेक विषाणूंचं नक्कल करणारं यंत्र घाईचं असतं आणि झालेली चूक तपासत नाही. साधारण दहा हजार अक्षरांमागे एक चूक धरा. डिस्टेंपरचा जीनोम साडेपंधरा हजार अक्षरांच्या थोडा वर आहे. म्हणजे जवळपास प्रत्येक नव्या प्रतीत एखादं अक्षर बदललेलं. बहुतेक बदल निरुपयोगी किंवा विषाणूलाच मारक. आजारी कुत्र्यात "एक विषाणू" नसतोच, असतो तो थोड्या थोड्या फरकांचा मोठा घोळका. पाठ्यपुस्तकात एकच गोल चित्र काढतात त्यानं फार गैरसमज होतो (माझाही एक राग आहे तो).

पण म्हणून कोणताही विषाणू कुठेही जातो असं नाही. द्राक्षवाल्यांना हे पटकन कळेल. थॉमसनचं कलम तुम्ही डॉगरिजच्या खुंटावर करता कारण दोन्ही द्राक्षच. आंब्यावर करून बघा बरं. विषाणूंचंही असंच, प्राणी जितके नात्यातले तितकं कलम धरण्याची शक्यता जास्त. उत्तर अमेरिकेतल्या वटवाघळांच्या रेबीजचे जीनोम वाचून हे नीट दाखवलंय. एका जातीतून दुसऱ्या जातीत रेबीज जातो, पण जाती नात्यानं जितक्या दूर तितक्या या उड्या विरळ. त्यातही बहुतेक उड्या तिथेच संपतात, नव्या जातीत एक-दोन जनावरं आजारी पडतात आणि साखळी तुटते. साथ व्हायला विषाणू नव्या जातीत एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकला पाहिजे. बिबट्या एकटा राहणारा, सिंह कळपात. एकाच शिकारीवर तोंडाला तोंड लावून जेवणाऱ्या गीरच्या सिंहांत साथ झपाट्यानं पसरली, उसातल्या बिबट्यांत तशीच पसरेल असं नाही. मात्र मादीकडून बछड्यांना, हो, ते शक्य आहे.

नियमाला अपवाद विचारतील म्हणून आधीच सांगते. २००६ पासून चीनच्या गुआंग्शी प्रांतात एका माकडांच्या पैदास केंद्रात डिस्टेंपर घुसला आणि हजारो ऱ्हीसस माकडं आजारी पडली. कुत्रा कुठे, माकड कुठे. म्हणून डॉक्टर म्हणतात तसं गोवराची लस महत्त्वाची. उद्या जगातून गोवर गेला आणि लस थांबवली, तर चुलतभावाला मोकळं रान मिळेल का, अशी चर्चा आमच्यात होते.

@गंगापूररोडकर, तुमच्यासाठी पार्वोची गोष्ट. पार्वो, म्हणजे पिल्लांना रक्ताची हगवण लावणारा विषाणू, आज कुत्र्यांचा म्हणून आपण ओळखतो. १९७८ च्या आधी कुत्र्यांत पार्वोची साथ ठाऊकच नव्हती. मांजराच्या पॅनल्यूकोपेनियासारख्या विषाणूच्या कवचात हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके बदल झाले, तो कुत्र्याच्या पेशीला चिकटायला लागला आणि दोनेक वर्षांत जगभर पोचला. त्या पहिल्या रूपाला मांजरात वाढता येत नव्हतं. नंतरच्या रूपांनी तेही परत मिळवलं. म्हणजे मांजरकुळातून कुत्र्यात आणि कुत्र्यातून परत मांजरकुळात. आता दोष कोणाला देणार?

---

गुरांचा डॉक्टर (निवृत्त)

चहा झाला. अनुजाबाईंनी कलम बरोबर केलं.

गंगापूररोडकर, कुत्री मारून बघितलेली आहेत हो लोकांनी, देशात आणि परदेशात. एका वस्तीतली उचलली की पंधरा दिवसांत शेजारच्या गावची येऊन बसतात, तीही बिनलसीची, आणि बिबट्या भूक लागली की शेळीकडे आणि वासराकडे वळतो. लस टोचलेलं, खूण केलेलं कुत्रं तुमच्या दारात असणं हीच तुमची राखण.

मी लसीच्या बाजूनं बोलतोय त्याला कारण आहे. माझी नोकरीची सुरुवातीची वर्षं बुळकांडीची लस टोचण्यात गेली. इगतपुरी, पेठ, सुरगाण्याचे पाडे, खांद्याला थर्मास, त्यात बर्फ, पावसाळ्यात ओढा चढलेला. म्हातारे सांगायचे, बुळकांडी आली की गोठेच्या गोठे रिकामे व्हायचे, बैल गेला की शेत पडीक. १९९५ नंतर देशात बुळकांडी दिसली नाही आणि २०११ साली जगातूनच गेली असं जाहीर झालं. देवीनंतर पूर्णपणे गेलेला हा दुसराच रोग. तरी त्याचं नाव आजच्या पोरांना माहीत नाही, यापरतं यश काय असतं.

आणि त्यात जंगलाचं काय झालं ते ऐका. सेरेंगेटीतले विल्डबीस्ट, म्हणजे ते दाढीवाले कुरंगासारखे प्राणी, १९६० च्या सुमारास अडीच लाखांच्या आसपास होते. सगळे म्हणायचे यांच्यामुळेच गुरांना बुळकांडी होते. सरकारनं जंगलाच्या कडेच्या गुरांना लस टोचली. जंगलातल्या एकाही जनावराला सुई लावली नाही. काही वर्षांत विल्डबीस्टमधूनही रोग गेला आणि संख्या तेरा लाखांच्या वर चढली. म्हणजे रोग त्यांच्याकडून गुरांना येत नव्हता, गुरांकडून त्यांना जात होता. सासरेबुवांना हे नक्की सांगा.

---

गंगापूररोडकर

मग झालं तर. कुत्र्यांना लस टोचा, बिबटे वाचले. एवढा काथ्याकूट कशाला?

---

अनुजा_नाशिकरोड

इतकं सोपं असतं तर माझी नोकरी गेली असती.

सेरेंगेटीतच पुढे हा प्रयोग डिस्टेंपरसाठी झाला. जंगलाभोवतीच्या गावांतल्या कुत्र्यांना लस दिली. कुत्र्यांतला रोग कमी झाला, पण सिंहांना लागण होतच राहिली. कुत्र्यांच्या साथींची वेळ आणि सिंहांच्या साथींची वेळ आधी जुळायची, नंतर जुळेनाशी झाली. अर्थ असा की विषाणू आता फक्त कुत्र्यांच्या भरवशावर नव्हता, तरस-कोल्ह्यांसारख्या इतर मांसाहारी प्राण्यांत मिळून टिकून होता. रशियाच्या अति पूर्वेकडे अमूर वाघांतही असंच. तिथे वाघांतल्या विषाणूचे जीनोम आणि आजूबाजूचे नमुने ताडून बघितले तर मुख्य साठा गावातली कुत्री नसून लहान वन्य मांसाहारी प्राणी असावेत असं निघालं. तिथल्या अभ्यासकांनी मग थेट वाघांनाच लस देण्याचा विचार मांडला.

तेव्हा बुळकांडीचा धडा डिस्टेंपरला जसाच्या तसा लागू पडत नाही. बुळकांडीचा साठा एका जातीत होता, याचा अनेक जातींत आहे. डॉक्टरसाहेब, रागावू नका.

आपल्याकडे कोल्हे, खोकड, मुंगूस, उदमांजर, रानमांजर सगळे आहेत. त्यांच्यात काय फिरतंय हे नमुने घेतल्याशिवाय नुसत्या तर्कानं सांगता येत नाही. गीरच्या विषाणूचा पूर्ण जीनोम वाचल्यावर तो भारतातल्या कुत्र्यांत सापडलेल्या प्रकाराशी जुळला, आशिया-५ किंवा इंडिया-१ असं त्या शाखेला म्हणतात. हे कळलं कारण कोणीतरी नमुना घेतला, थंड ठेवला आणि पोचवला. तुमच्या भागात मेलेला बिबट्या सापडला की "विहिरीत पडून", "वाहनाच्या धडकेत" अशी नोंद होते. ती खरीही असते. पण बिबट्या भर दिवसा डांबरी रस्त्यावर का आला, विहिरीचा कठडा त्याला का दिसला नाही, याचं उत्तर कधी कधी मेंदूत असतं. शवविच्छेदनात मेंदू, फुप्फुस, प्लीहा यांचे तुकडे राखून ठेवले तर पाच वर्षांनीसुद्धा त्यातून वंशावळ काढता येते.

---

गुरांचा डॉक्टर (निवृत्त)

रागावत कशाला? सिंहांचं ऐकून होतो, वाघांचं नव्हतं माहीत. तरी माझं म्हणणं बदलत नाही. अमूरला मैलोन् मैल अरण्य आहे आणि कुत्री मोजकी. निफाडात बिबट्याच्या ताटात रोज कुत्रं आहे. तिथला साठा वेगळा, इथला वेगळा असू शकतो. लस टोचून निदान कुत्री तरी वाचतील, काळ्यासारखी मरणार नाहीत. नमुन्यांचं मात्र शंभर टक्के बरोबर. नोकरीत असताना फॉर्म्यालिनची बरणी मागून मागून थकलो.

---

पाणथळवेडा

माझी पाळी. बदकं.

नांदूर मध्यमेश्वरला हिवाळ्यात थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, वारकरी हजारोंनी उतरतात. चापडगावच्या मनोऱ्यावरून सकाळी बघितलं की पाणी काळं दिसतं. रामसर यादीतलं (महत्त्वाच्या पाणथळांची आंतरराष्ट्रीय यादी) राज्यातलं पहिलं पाणथळ म्हणून ते जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालं. या पाखरांच्या आतड्यात फ्लूचे सौम्य विषाणू पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेत, त्यानं पाखरू आजारीसुद्धा पडत नाही. ज्या एच५एन१ ला आपण बर्ड फ्लू म्हणतो, त्याचा पूर्वज १९९६ साली चीनच्या ग्वांगडाँगमध्ये पाळीव हंसांत सापडला. पाळीव! कोंबड्या-बदकांच्या दाटीत तो जहाल झाला आणि तिथून रानपाखरांत गेला. २००५ साली चिंगहाई सरोवरावर पट्टकदंब हंस हजारोंनी मेले. तेच पट्टकदंब हिमालय ओलांडून आपल्याकडे येतात. म्हणजे इथेही सासऱ्यांच्या उलट.

आता रानपाखरं तो लांब नेतात हेही खरं, ते मी नाकारत नाही. देशातली पहिली साथ आपल्याच नाशिक विभागात झाली, नंदुरबारच्या नवापूरला, फेब्रुवारी २००६. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. माझ्या मामांची पोल्ट्री होती तिकडे, तो विषय घरात अजून कोणी काढत नाही.

अनुजाताई, फ्लूचं ते तुकड्यांचं प्रकरण सांगा ना. आणि गोरेवाड्याचं.

---

अनुजा_नाशिकरोड

थोडक्यात सांगते, नाहीतर धागा भरकटेल. फ्लूचा जीनोम सलग नसतो, आठ सुट्या तुकड्यांत असतो. एकाच बदकाच्या एकाच पेशीत दोन जातींचे फ्लू शिरले तर बाहेर पडणाऱ्या विषाणूत काही तुकडे याचे, काही त्याचे. एकेका अक्षराची चूक साचायला वेळ लागतो, इथे एका रात्रीत नवं वाण तयार. म्हणून पाखरांतले फ्लू इतक्या प्रकारांचे. करोनाघराण्यात जीनोम सलग असूनही असाच प्रकार होतो, नक्कल करताना यंत्र एका माळेवरून दुसऱ्या माळेवर जातं. युनानमधल्या एका गुहेतल्या वटवाघळांच्या विष्ठेत २००३ च्या सार्सच्या जीनोमचे सगळे भाग वेगवेगळ्या विषाणूंत विखुरलेले सापडले, २०१७ साली ते प्रसिद्ध झालं.

गोरेवाडा म्हणजे नागपूरचं बचाव केंद्र. २०२४ च्या डिसेंबरात तिथे तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, भोपाळच्या प्रयोगशाळेनं एच५एन१ असल्याचं सांगितलं. संशय कोंबडीच्या मांसावर. पाखराचा विषाणू सस्तन प्राण्यात नीट वाढायला त्याच्या पीबी२ नावाच्या प्रथिनात ६२७ व्या जागेवर बदल व्हावा लागतो, किंवा तसलाच दुसरा एखादा. आम्ही आधी ती जागा बघतो.

तेव्हा ताई, मेलेली कोंबडीसुद्धा उसाच्या कडेला टाकायची नाही.

---

कादवाकाठ

किती लिहिलंत सगळ्यांनी! पोरानं सगळं वाचलं, ५४९ नंबर वहीत लिहून ठेवलाय.

डॉक्टर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. सासूबाईंनी काळ्याला भाकरीत गोळी घालून हातानं चारली होती. द्राक्षाची काडी छाटताना हाताला चिरा पडलेल्याच असतात. काल त्यांना दवाखान्यात नेलं, लस सुरू झाली. त्या म्हणतात उगाच, पण गेल्या.

वाड्यातल्या वटवाघळांचं राहिलं. रविवारी पोरं टायर जाळायला निघालीत. महाबळेश्वरच्या गुहेत निपाह सापडला अशी बातमी दाखवतात, त्यांना काय सांगू?

---

अनुजा_नाशिकरोड

बातमी खरी आहे, अर्थ चुकीचा लावलाय. मार्च २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं तिथल्या गुहेतल्या वटवाघळांचे नमुने घेतले, त्यात निपाहविरुद्धची प्रतिपिंडं आढळली. म्हणजे त्या वटवाघळांचा निपाहसारख्या विषाणूशी कधीतरी संबंध आला. देशात माणसांत साथी झाल्या त्या बंगालात आणि केरळात.

टायर जाळण्याचं काय होतं ते युगांडात बघून झालंय. किटाका नावाच्या खाणीत २००७ साली कामगारांना मारबर्ग हा वटवाघळांतून येणारा जीवघेणा ताप झाला. खाणीतली वटवाघळं संपवली. काही वर्षांत नवी येऊन राहिली आणि २०१२ मध्ये तपासलं तर लागण असलेल्यांचं प्रमाण आधीच्या दुपटीहून जास्त. कारण जुनी, रोग होऊन बरी झालेली मेली आणि त्या जागी कोरी, कधीच लागण न झालेली तरुण आली. त्याच वर्षी जवळच्या इबांडा भागात माणसांत साथ आली.

वाड्यात राहू द्या त्यांना. खाली पडलेली, उष्टी फळं खायची नाहीत, विष्ठा कोरडी झाडायची नाही, पाणी मारून तोंडाला फडकं बांधून काढायची. वाड्यात कोणी राहत नसेल तर तेही नको.

---

गुरांचा डॉक्टर (निवृत्त)

सासूबाई गेल्या हे उत्तम केलंत. पाचही डोस पुरे होऊ द्या, मधेच बरं वाटतंय म्हणून सोडायचं नाही. तारखा कॅलेंडरवर लिहा: पहिला दिवस शून्य, मग ३, ७, १४, २८.

पोरांना म्हणावं, टायरऐवजी रविवारी माझ्याबरोबर या. मी निफाडला येतो. ग्रामपंचायतीला सांगून वस्तीवरच्या कुत्र्यांची यादी करून ठेवा, पिल्लं वेगळी, मोठी वेगळी. डिस्टेंपर-पार्वोची एकत्र लस सहा ते आठ आठवड्यांच्या पिल्लाला पहिली, पुढे तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, सोळा आठवडे होईपर्यंत. रेबीजची वेगळी, साधारण तीन महिन्यांनंतर. आजारी दिसणाऱ्याला टोचायचं नाही, त्याला बांधून वेगळं ठेवायचं, भांडं वेगळं. डिस्टेंपरचा विषाणू उन्हात आणि साबणात टिकत नाही, पण पार्वो मातीत महिनोन् महिने राहतो, म्हणून काळ्याची जागा ब्लीचिंगच्या पाण्यानं धुवून घ्या आणि नवं पिल्लू आणायची घाई करू नका. मेलेलं जनावर खोल पुरायचं, वर चुना, त्यावर दगड, म्हणजे उकरलं जाणार नाही.

लस दोन ते आठ अंशांत राहिली पाहिजे. दूध डेअरीवाल्याकडे बर्फाचा डबा असतो, तो शनिवारी रात्रीच मागून ठेवा. पट्टे आणि तोंडाला बांधायला सुती नाडी तुमच्याकडून, सुया मी आणतो.

---

पाणथळवेडा

मी येतो. वनरक्षक ओळखीचे आहेत, मादीचा माग काढून कॅमेरा लावता येतो का विचारतो. चालताना झोक जातो का ते त्यात कळेल.

---

गंगापूररोडकर

किती वाजता? गाडी आहे माझ्याकडे, डॉक्टरांना नाशिकच्या द्वारका चौकातून घेतो.